गावाचं सांडपाणी: पहिल्या बादलीपासून तिसऱ्या तळ्यापर्यंत

मी ग्रामपंचायतीची सदस्य आहे, वॉर्ड २ ची. गाव १,८४० लोकवस्तीचं, ३७२ घरांचं. ऑक्टोबर २०२२ मध्ये आम्ही सांडपाण्याचं काम हाती घेतलं आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये पहिल्या तळ्यात पाणी सोडलं. मधल्या काळात मला विचारायला माणूस नव्हता. शेजारच्या गावांत गटारं झाली होती, पण गटाराच्या तोंडाशी पुढे काय करायचं हे कुणी केलेलं नव्हतं. म्हणून जे घडलं ते क्रमाने लिहिते आहे. तुमच्या गावात हा विषय निघाला तर निदान कुठली कागदं लागतात आणि कुठे दिवस जातात हे आधी कळेल.

आमच्याकडे २०२१ च्या अखेरीस जलजीवन मिशनमधून घरोघर नळ आले. माणशी रोज ५५ लिटर पाणी धरलेली ती योजना. डोक्यावरून आणलेलं पाणी बाई जपून वापरते. नळ दारात आला की धुणंभांडी, जनावरं, अंगण सगळं तिथेच होतं, आणि व्हायलाच हवं. पण ते पाणी पुढे कुठे जाणार याचा विचार कुणी केला नव्हता. गावाला दोन उतार आहेत. वरच्या अंगाला मुरूम, खालच्या आळीला काळी माती. वरचं पाणी मुरायचं, खालचं आमच्या आळीत साचून ओढ्याला मिळायचं.

२०२२ च्या पावसाळ्यात खालच्या आळीत डेंग्यूचे सहा रुग्ण निघाले. त्यात माझा पुतण्याही होता. त्याच्या उशाशी बसून काढलेल्या रात्री मी विसरलेले नाही. सगळ्यांचा राग गटारावर होता. उपकेंद्रातल्या आरोग्यसेविका ताईंनी मात्र आम्हाला थांबवलं. डेंग्यूचा डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो, रांजण आणि टाक्या आधी बघा, गटारातला क्युलेक्स डास वेगळा आणि त्याच्यापासून हत्तीरोगाची भीती, असं त्यांनी नीट समजावलं. मग आठवड्यातून एक कोरडा दिवस, म्हणजे रांजण-टाक्या रिकाम्या करून कोरड्या ठेवायचा दिवस, लगेच सुरू झाला. गटाराचं काम त्यापेक्षा लांबचं होतं.

२ ऑक्टोबर २०२२ च्या ग्रामसभेत मी विषय मांडला. तेव्हा कळलं की आराखडा आधीच तयार आहे: ४०० मीटर बंदिस्त गटार आणि शेवटी तीन सामुदायिक शोषखड्डे. बंदिस्त गटार सगळ्यांना आवडतं, कारण पाणी डोळ्यांआड जातं. मी विचारलं, हे पाणी गटारातून गेल्यावर थांबणार कुठे? खड्ड्यांत मुरलं नाही तर ओढ्यात, असं उत्तर आलं. ओढ्यालगत खालच्या वाडीची विहीर आहे. म्हणजे आमच्या दारातलं पाणी आम्ही त्यांच्या दारात नेऊन सोडणार होतो.

शोषखड्ड्यांबद्दल माझ्या मनात वेगळी शंका होती. २०१८ मध्ये आमच्या आळीत चौदा घरांनी ते केले होते आणि चार महिन्यांत सगळे तुडुंब भरले. लोक म्हणत होते की खड्ड्यांत दगड नीट रचले नव्हते. शाखा अभियंता साहेबांनी एक सोपी परीक्षा सांगितली. फूटभर लांब-रुंद-खोल खड्डा घ्यायचा, रात्रभर पाणी भरून माती मुरवायची, सकाळी पुन्हा भरून पाण्याची पातळी इंचभर उतरायला किती वेळ लागतो ते बघायचं. वरच्या आळीत चार मिनिटं लागली. आमच्याकडे एक तास दहा मिनिटं. काळ्या मातीत शोषखड्डा म्हणजे पाण्याची टाकीच. ही परीक्षा फुकट होते, एका सकाळीत होते, आणि तिच्यावाचून शोषखड्ड्याचं एकही काम कुठल्याही गावाने मंजूर करू नये असं माझं ठाम मत आहे.

दुसरा प्रश्न पाणी किती, हा होता. तयार आराखड्यात सरळ गुणाकार होता: १,८४० माणसं, ५५ लिटर, त्यातलं ८० टक्के सांडपाणी, म्हणजे रोज सुमारे ८१ हजार लिटर. एवढ्या पाण्याचं काम आमच्या निधीत बसतच नव्हतं. नोव्हेंबरमध्ये आम्ही पाच जणींनी बचत गटाच्या बैठकीत ठरवलं की पाणी आपणच मोजू. ओढ्याच्या तोंडाशी गटाराला तात्पुरता बांध घातला, त्यात पाइपाचा तुकडा बसवला आणि १५ लिटरची बादली व मोबाइलचं घड्याळ घेऊन पहाटे पाच ते रात्री नऊ पाळी लावली. तीन दिवस. सकाळी सात ते नऊ बादली बारा सेकंदांत भरायची. संध्याकाळी दोन तास वीस सेकंदांत. बाकी दिवसभर साधारण चाळीस सेकंद. रात्री जवळजवळ काहीच नाही. वहीत बेरीज केली तेव्हा दिवसाला सुमारे ३१ हजार लिटर आलं. कारण त्या तोंडाशी फक्त १४६ घरांचं पाणी येत होतं. बाकीची २२६ घरं मुरमाच्या अंगाला होती.

त्या वहीने सगळं काम बदललं. वरच्या घरांना घरोघर शोषखड्डे आणि परसबाग, खालच्या १४६ घरांच्या पाण्यासाठी शेवटी प्रक्रिया, असे दोन भाग पडले. तुम्ही मोजणार असाल तर एक सूचना: एक दिवस बाजाराचा किंवा सणाचा घ्या आणि एक साधा. आमच्या तीन दिवसांत रविवार होता म्हणून धुण्याचं पाणी कळलं.

पाण्यामागे चालताना अजून एक गोष्ट दिसली आणि ती बोलायला अवघड होती. २३ घरांच्या सेप्टिक टँकचा पाइप सरळ गटारात होता. कागदावर आपण मोरीचं, न्हाणीचं, भांड्यांचं सांडपाणी म्हणतो. प्रत्यक्षात त्यात संडासाचं पाणी मिसळत होतं. शोषखड्ड्यांचं आणि उघड्या गटाराचं सगळं गणित त्याने बिघडतं. त्या २३ घरांची नावं ग्रामसभेत वाचायची नाहीत हे आम्ही ठरवलं. एकेका घरी संध्याकाळी जाऊन बोललो. बहुतेकांना टाकी दोन-तीन वर्षांनी उपसायची असते हेच माहीत नव्हतं. बांधल्यापासून एकदाही उपसली नव्हती. टाकीत कुणी माणूस उतरवायचा नाही, २०१३ च्या कायद्याने तो गुन्हा आहे आणि आतल्या वायूने जीव जातो, हेही प्रत्येक घरी सांगितलं. तालुक्याच्या गावाहून मैला उपसायची गाडी एकाच दिवशी अनेक घरांसाठी बोलावली, तेव्हा खेपेचा खर्च वाटला गेला. चौदा घरांनी टाकीच्या पाइपाला स्वतंत्र शोषखड्डा केला. नऊ घरं काळ्या मातीत आहेत, जागाही नाही. त्यांचं पाणी अजूनही गटारात येतं. म्हणून शेवटची प्रक्रिया मैलापाणी गृहीत धरूनच हवी, हे अभियंता साहेबांनी मान्य केलं.

आता पैसे. स्वच्छ भारत मिशन ग्रामीण टप्पा २ मध्ये ५,००० पर्यंत लोकसंख्येच्या गावाला सांडपाण्यासाठी आमच्या वेळी माणशी २८० रुपयांपर्यंत मिळत होते. आमचे झाले ५,१५,२००. त्यातले ३० टक्के, म्हणजे १,५४,५६०, ग्रामपंचायतीने १५ व्या वित्त आयोगाच्या निधीतून घालायचे होते. ही ३० टक्क्यांची गोष्ट लवकर विचारा. आमच्या बंधित, म्हणजे ठरावीक कामांनाच वापरायच्या, निधीचा स्वच्छतेचा भाग त्या वर्षी दुसऱ्या कामाला लागून गेला होता, म्हणून आमचं काम २०२३-२४ च्या आराखड्यात घ्यावं लागलं. घरोघरचे शोषखड्डे रोजगार हमीतून झाले. त्यासाठी तेव्हा प्रत्येक घराचं जॉबकार्ड लागत होतं आणि मस्टर, म्हणजे मजुरांचा हजेरीपट, निघाल्याशिवाय खड्डा खणायचा नव्हता. उत्साहाने आधी खणलेल्या तीन घरांची मजुरी बुडाली. वरच्या आळीत अशी ५८ घरं झाली. नांदेड जिल्ह्यातून पुढे आलेला मॅजिक पीटचा नमुना आम्ही घेतला. चार फुटी चौरस खड्डा, मधोमध भोकं असलेली सिमेंटची टाकी, भोवती दगड, आणि टाकीत पाणी पडण्याआधी गाळणी. ती गाळणी धुतली नाही तर भांड्यांच्या राखेने खड्डा भरतो. हे मात्र घरच्या बाईला सांगून चालत नाही, तिच्यासमोर एकदा धुऊन दाखवावं लागतं.

२६ जानेवारी २०२३ च्या ग्रामसभेत ठराव झाला: ओढ्याच्या अलीकडे तीन स्थिरीकरण तळी, म्हणजे सांडपाणी काही दिवस थांबवून शुद्ध करणारी तळी. कर्दळ-बोरूच्या वाफ्यांचाही पर्याय होता, नागपूरच्या नीरी संस्थेच्या फायटोरिड पद्धतीची माहितीही आम्ही वाचली. त्यांना जागा कमी लागते पण खडी आणि बांधकाम जास्त. तळ्यांना जागा जास्त आणि बाकी जवळजवळ काही नाही; वीज नाही, मोटर नाही. आणि जी काळी माती शोषखड्ड्याला वैरी होती तीच तळ्याला हवी होती, कारण पाणी खाली झिरपून भूजलात जायला नको. ते कळलं त्या संध्याकाळी मला फार हलकं वाटलं.

पहिलं तळं खोल, अडीच मीटर, तिथे दोन दिवस पाणी थांबतं आणि गाळ बसतो. दुसरं सव्वा मीटर, सहा दिवस. तिथे वरच्या थरात शेवाळ प्राणवायू देतं आणि जिवाणू घाण खातात. तिसरं एक मीटर, चार दिवस. उथळ पाण्यात ऊन पोचतं आणि रोगजंतू कमी होतात. ३१ हजार लिटरच्या हिशेबाने बांधांसकट सहा-सात गुंठे लागणार होते.

जागेने चार महिने खाल्ले. गायरान सुचवलं गेलं, पण त्याला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते आणि आम्हाला तेवढं थांबायचं नव्हतं. ओढ्याजवळ गावठाणातली मोकळी जागा होती, मालकी ग्रामपंचायतीची, पण तिथे एकोणीस घरांचे उकिरडे होते. आजोबांच्या काळापासूनचे. कागदावर हक्क नाही म्हणून ते उचलायचे, असं मला पटत नव्हतं. शेणखत म्हणजे त्या घरांचं वर्षाचं खत. आम्ही स्मशानाच्या वाटेला जागा आखून प्रत्येकाला चुन्याने खूण करून दिली आणि जुनं खत उचलायला मेअखेरपर्यंत मुदत दिली. एक आजी शेवटपर्यंत बोलायच्या नाहीत. त्यांचं खत वाहायला आळीतली पोरं ट्रॉली घेऊन गेली तेव्हा त्या म्हणाल्या, "आधी विचारलं असतंस तर, गं." खरं होतं. मी पंचनाम्याची नोटीस आधी लावली होती आणि घरी नंतर गेले होते.

जून २०२३ मध्ये अंदाजपत्रक झालं ते ७ लाख ९० हजारांचं. त्यात स्वागत कमान, पेव्हर ब्लॉक आणि बाकडी होती. ती काढली. कुंपणही काढायचं म्हणाले, त्याला मी नकार दिला. अडीच मीटर खोल पाणी, वरून हिरवं दिसणारं, आणि शंभर पावलांवर अंगणवाडी. कुंपण राहिलं, फाटकाला कुलूप राहिलं. खोदाईचे दर पुन्हा बघून आकडा ५ लाख १२ हजारांवर आला.

मग तांत्रिक मान्यता. प्रस्ताव तीनदा परत आला. पहिल्यांदा जागेचा नमुना ८ चा, म्हणजे ग्रामपंचायतीच्या मालमत्ता नोंदीचा, उतारा नव्हता, दुसऱ्यांदा ठरावाच्या प्रतीवर उपस्थितीचा आकडा नव्हता, तिसऱ्यांदा पातळ्यांचा नकाशा. प्रत्येक खेपेला तीन आठवडे. तिसऱ्या वेळी आमच्या भाऊसाहेबांनी, म्हणजे ग्रामसेवकांनी, सगळ्या त्रुटी एकाच कागदावर लेखी मागितल्या आणि तिथून गाडी हलली. हे पहिल्याच दिवशी करा. तांत्रिक मान्यता सप्टेंबरमध्ये आली, प्रशासकीय मान्यता डिसेंबर २०२३ मध्ये.

निविदा फेब्रुवारीत निघाली, उघडली मार्चमध्ये, आणि १६ मार्च २०२४ ला लोकसभेची आचारसंहिता लागली. कार्यारंभ आदेशावर सही व्हायची होती. ते तीन महिने गेले. आदेश जुलैत हातात पडला तेव्हा काळ्या मातीत पाय ठरत नव्हता, जेसीबी काय चालणार? आणि दिवाळीच्या आसपास विधानसभेची आचारसंहिता येणार हे दिसत होतं. नियम असा की आदेश असला तरी जागेवर काम सुरू झालेलं नसेल तर ते सुरू करता येत नाही. सुरू असलेलं काम चालू राहतं. दसऱ्याच्या आधी चार दिवस उघाड मिळाली. ७ ऑक्टोबरला खोदाई सुरू केली, तारखेसह फोटो काढले, पंचायत समितीला त्याच दिवशी पत्र दिलं. १५ ऑक्टोबरला आचारसंहिता लागली. त्या आठवड्यात मी नीट जेवले नाही.

बांधकामाबद्दल सांगण्यासारखं थोडंच. मोजमाप पुस्तिकेत नोंद होण्याआधी खोली आपण स्वतः टेप लावून बघावी. पहिल्या तळ्याची खोली आम्हाला पाव मीटर कमी मिळाली आणि ठेकेदाराने ती विनातक्रार वाढवून दिली, कारण अजून जेसीबी जागेवर होता. तळ ओला करून चोपला. तोंडाशी जाळीचं चेंबर आणि रेती बसायला कुंडी केली. बिलाचे दोन हप्ते झाले, दुसरा मार्च २०२५ पर्यंत अडकला.

९ फेब्रुवारी २०२५ ला पाणी सोडलं. पहिले तीन आठवडे वास आला, आणि ज्यांनी उकिरडे हलवून जागा मोकळी करून दिली होती तेच लोक माझ्या दारात आले. मला रडू आलं होतं. अभियंता साहेब म्हणाले, दुसरं तळं हिरवं होऊ द्या. मार्चच्या पहिल्या आठवड्यात ते हिरवं झालं आणि वास पहिल्या तळ्याच्या काठापुरता राहिला. तिसऱ्या तळ्यात प्राथमिक आरोग्य केंद्रातून आणलेले गप्पी मासे सोडले. डास तळ्याच्या मधे होत नाहीत, काठच्या गवतात होतात, म्हणून काठ दर पंधरवड्याला साफ करतो.

मे २०२५ मध्ये अवेळी मोठा पाऊस झाला. पावसाचं पाणी बाहेरच्या बाहेर ओढ्याला काढायची फळी होती, पण ती पावसाळ्याच्या तोंडावर उघडायची असं आम्ही धरलं होतं. एका रात्रीत रेतीची कुंडी आणि पहिल्या तळ्याचं तोंड गाळाने भरलं. काढायला चार दिवस लागले. आता फळीची जबाबदारी एका माणसाच्या नावावर आहे.

तो माणूस म्हणजे ग्रामपंचायतीचा सफाई कर्मचारी. रोज सकाळी जाळी साफ करणं, फळी, फाटक. या कामाचे महिना २,५०० रुपये वेगळे, आणि बूट, हातमोजे, लांब दांड्याचा दाताळा ग्रामपंचायतीचा. यासाठी ग्रामसभेने घरामागे महिना १० रुपये लावले, वर्षाचे ४४,६४० होतात. वसुली पहिल्या सहामाहीत दोन तृतीयांशच्या आसपास आहे. हा ठराव मी बांधकामाआधी, निविदेच्या वेळीच, करून घेतला होता. तळी झाल्यावर पैसे मागितले असते तर मिळाले नसते असं मला वाटतं. पहिलं तळं गाळाने एक तृतीयांश भरलं की उपसावं लागेल, त्यासाठी उरलेली रक्कम बाजूला राहते.

जूनमध्ये आत येणाऱ्या आणि बाहेर पडणाऱ्या पाण्याचे दोन नमुने तपासले, साडेतीन हजार रुपये लागले. बीओडी, म्हणजे पाण्यातली घाण कुजायला लागणारा प्राणवायू, लिटरमागे १६० मिलिग्रॅमवरून २६ वर आला. ओढ्यात सोडायची मर्यादा ३० आहे. खालच्या शेतातले भाऊ ते पाणी नेपियर गवताला घेतात, वर्षाला ६,००० रुपये ग्रामपंचायतीत भरतात. कच्चं खायच्या भाजीला ते द्यायचं नाही, हे त्यांच्या करारात लिहिलेलं आहे.

नऊ घरांचे सेप्टिक टँकचे पाइप अजून गटारात आहेत. त्यांच्यासाठी एकच मोठी सामाईक टाकी आणि तिच्यापुढे खडीचा गाळणवाफा असा प्रस्ताव या वर्षीच्या आराखड्यात घातला आहे. पुढच्या सोमवारी जमिनीची लेव्हल (उंचसखल मोजमाप) घ्यायची आहे. बादली आणि वही तयार आहे.